गल्लीचा भाव

४ मार्च

ताई,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच अर्धी संध्याकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं तर तुला वाटेल मस्का लावतेय. नुसतं 'ताई' लिहिलं तर वाटेल अजून फुगून बसलेय. मी फुगूनच बसलेय, म्हणून नुसतं ताई.

तुझी चिठ्ठी एजंटने काल लॅबमध्ये आणून दिली. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. वाटलं, काहीतरी मायेचं असेल, म्हणून हातातलं कवळीचं मेण खाली ठेवलं, हात धुतले आणि मग उघडली. आत चार ओळी. जूनपासून भाडं शेकडा पंधराने वाढवावं लागेल, बाजारभावच तसा आहे असं एजंट म्हणतो, पण त्याच्यावर माझा भरवसा नाही, तू गल्लीत चौकशी करून कळव, तू सांगशील तो आकडा मी धरीन. संपलं. गुडघा कसा आहे, एवढं तरी विचारायचं होतंस.

आधी राग आला. बोकडालाच सुरीची धार बघून ये म्हणण्यातला हा प्रकार. तू तिकडे लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणार, आणि शेळीही मीच. मग भांडी घासताना लक्षात आलं की तुला एजंटपेक्षा माझा शब्द खरा वाटतो. दोन वर्षांपूर्वी तू मधे एजंट आणलास तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, "बहिणीकडून भाडं घ्यायला परका माणूस कशाला लागतो?" आणि तू फोन ठेवला होतास. तेव्हापासून मी दर महिन्याला त्याच्याकडे भाडं देते, तो पावती देतो, आणि पावतीवर घरमालकीण म्हणून तुझं नाव असतं. तेवढीच आपली गाठभेट. त्यामुळे 'भरवसा' हा शब्द वाचून मला बरं वाटलं. राग येणं आणि बरं वाटणं एकाच वेळी कसं होतं मला माहीत नाही, पण झालं खरं.

पंधरा कुठून आले ते मात्र कळलं नाही. परवा रेडिओवर सांगत होते, महागाई आता शेकडा तीनवर आली. आम्ही दोघींनी कान देऊन ऐकलं. म्हणजे मी ऐकलं. मॅडमनी या वर्षी आमचा पगार शेकडा चारने वाढवला. (मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मालकीण. तुला आठवत असतील, स्वतः कवळी लावून कवळ्या विकतात.) महागाई तीन आणि पगार चार, म्हणजे मी एकाने श्रीमंत झाले. भाडं पंधरा, म्हणजे मी परत गरीब झाले. की त्या तीनमध्ये हे पंधरा आधीच धरलेले असतात? तसं असेल तर बाकी सगळं जवळजवळ फुकट मिळायला हवं, आणि ब्रेडवाला तर काही तसं वागत नाही. मी कागदावर मांडून पाहिलं, दर वेळी वेगळंच येतं.

तरी चौकशी करते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

पत्र कामाच्या पत्त्यावर पाठव, घरी टपाल हरवतं, असं चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलंयस. म्हणून हे तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवतेय. भावोजींच्या घरातून पूर्वी कधी टाचणी हरवली नव्हती. असो.

धाकटी

ता. क. गुडघा बरा आहे. जिना उतरताना दुखतो, चढताना नाही.

०

२० मार्च

ताई,

कामाला लागले. समोरच्या पोपटी गेटच्या घरापासून सुरुवात केली, कारण त्याच्या दोन्ही मजल्यांच्या खोल्या अगदी आपल्यासारख्या आहेत. तेच लांबट स्वयंपाकघर, तीच न बसणारी न्हाणीघराची खिडकी. खाली चष्मेवाले राहतात आणि पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. वर एक जोडपं नुकतंच राहायला आलंय.

चष्मेवाल्यांकडे मी माझा चष्मा घट्ट करून घ्यायला म्हणून गेले. ते स्क्रू पिळायचे कधीच काही घेत नाहीत. गप्पा मारता मारता विचारलं, भाडं किती देता? त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. मग सांगितलं. ताई, ते माझ्या दोन तृतीयांशच देतात. वीसएक वर्षं झाली त्यांना, घरमालकीणबाई कधी वाढवते कधी विसरते. "कुणाला बोलू नका," म्हणाले, "विसरलेलं माणूस विसरलेलंच बरं."

त्यांनाच मी महागाईचं कोडं घातलं. त्यांनी डोळ्यांपुढे काचा बदलाव्यात तसं शांतपणे समजावलं. सरकारची म्हणे एक टोपली असते. तिच्यात पाव, बूट, औषध, बसचं तिकीट, टीव्ही, भाडं, सगळं थोडं थोडं घालतात आणि टोपली गेल्या वर्षीपेक्षा कितीने जड झाली ते बघतात. टीव्ही स्वस्त झाला की टोपली हलकी होते. मी म्हटलं, "पण मी टीव्हीत राहत नाही." ते म्हणाले, "शिवाय त्या टोपलीत भाडं माझंही असतं. माझ्यासारखे जुने लोक सरासरी खाली ओढतात. नवीन घर शोधायला निघालेल्या माणसाला ती सरासरी कुठेच मिळत नाही." तेव्हा समजल्यासारखं वाटलं, जिना चढेपर्यंत परत गोंधळ झाला.

मग वरच्या जोडप्याकडे गेले. दोघंही तरुण, दोघंही कमावतात, घरात एकच खुर्ची. आकडा सांगायला लाजत होते. मी म्हटलं, लाजता काय, खालचे चष्मेवाले तर एवढंच देतात. म्हणजे धीर यावा म्हणून म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. माझ्या दीडपट. एकच घर, एकच घरमालकीण, एकच गळका नळ, आणि जिना चढलं की भाडं दुपटीहून जास्त.

आता सांग, यातला गल्लीचा भाव कुठला? चष्मेवाल्यांचा धरला तर तू मला पैसे परत द्यायला हवेस. जोडप्याचा धरला तर मी आजच सामान बांधायला हवं. दोन्हींची बेरीज करून अर्धं केलं तर मी आत्ता देते त्याच्या आसपासच येतं, म्हणजे वाढ जवळजवळ नाहीच. हा आकडा मला फार आवडला. म्हणूनच मी तो तुला कळवत नाहीये, कारण आवडलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

आमच्या लॅबचा नियम तुला सांगते. डॉक्टरकडून तोंडाचं माप येतं, तर मॅडम पहिल्या मापावर कधी कवळी करू देत नाहीत. पहिल्या वेळी माणूस घाबरून तोंड आवळतो, म्हणतात. दुसऱ्यांदा माप घे, मग मेणाला हात लाव. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे मला एकदा विचारलेलं खरंच वाटत नाही. तेव्हा सगळ्यांना परत एकदा विचारते आणि मग पक्का आकडा कळवते. तोवर एजंटला काही बोलू नकोस.

बसवाली म्हणते, तिच्या डेपोतल्या सगळ्यांचं भाडं पगाराच्या पुढे पळतंय. बसवाली म्हणजे बस चालवते ती. ओळखीची आहे.

धाकटी

०

१२ एप्रिल

ताई,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी दुसरं माप घ्यायला गेले आणि तोंडच बदललेलं.

झालं असं. मी धीर द्यायला म्हणून त्या जोडप्याला चष्मेवाल्यांचं भाडं सांगितलं होतं. ते दोघं, बिचारे, सरळ घरमालकीणबाईंकडे गेले. खालच्यांना एवढं आणि आम्हाला एवढं, हे बरोबर नाही, सारखं करा, म्हणाले. बाईंना पटलं. त्यांनी सारखं केलं. चष्मेवाल्यांचं वाढवून जोडप्याच्या जवळ नेलं. जोडप्याचं होतं तेवढंच ठेवलं.

मला हे बाईंनीच सांगितलं, पोपटी गेटला टेकून, अगदी आनंदाने. "बरं झालं हो तुम्ही चौकशी केलीत. मी किती वर्षं झोपले होते." चष्मेवाल्याच्या घरमालकिणीचे डोळे मी उघडले, ताई. त्यावर हसू येईल तुला. मला आलं नाही.

बाई वाईट नाहीत. त्यांनी मला आत बोलावून पाणी दिलं. छताची दुरुस्ती, वाढलेला कर, बँकेचा हप्ता, सगळं बोटांवर मोजून दाखवलं. मग म्हणाल्या, "तुमची ताई किती वाढवतेय?" मी म्हटलं पंधरा. आता हे मी का सांगितलं? खोटं बोलायला काय झालं होतं? पण समोरचा खरं सांगतोय म्हटलं की माझ्या तोंडून खरंच निघतं. दोन दिवसांत गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत की दात बनवणाऱ्या बाईंची सख्खी बहीण पंधरा वाढवतेय. सख्खी बहीण जर पंधरा मागते, तर परक्याने किती मागावं? कोपऱ्यावरच्या घरमालकाने वीस मागितले.

आणि आज एजंट येऊन सांगतो, गल्लीचा भाव आता चढलाय, पंधराने भागायचं नाही, ताईंना अठरा कळवतो. मी म्हटलं, अहो, हा भाव माझ्यामुळेच चढला. तो हसला. "बाई, तुम्ही नसता तरी चढलाच असता. तुम्ही फक्त विचारलंत." मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं का? त्याचं खरं असेल तर माझा दोष नाही, पण मग कुणाचाच नाही. माझं खरं असेल तर चष्मेवाल्यांचं घर माझ्या जिभेने महाग केलं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

चष्मेवाल्यांकडे गेले होते. स्क्रू खरंच सैल झाला होता, निमित्त नव्हतं. त्यांनी पाहिलं, आणि "आज गर्दी आहे" म्हणाले. दुकानात मी एकटीच होते. मी आपली नाकावरून घसरणारा चष्मा सावरत घरी आले आणि रडले. बसवाली आतून बाहेर आली, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि परत झोपायला गेली. तिची पहाटेची पाळी असते.

हो, आतून आली. कोण, कुठल्या आतून, ते मला विचारू नकोस.

तुला पाठवायला माझ्याकडे आता आकडा नाही. म्हणजे आकडे खूप आहेत. पहिल्या मापाचे, दुसऱ्या मापाचे, बाईंचे, एजंटचे. तुला कुठला हवा?

धाकटी

०

५ मे

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी आणखी लिहितेय. तू उत्तर दिलं असतंस तर कदाचित हे लिहिलं नसतं.

बसवाली गेली.

तू 'कोण बसवाली' असं विचारलं नाहीस, पण तुला कळलं असणार. सव्वा-दीड वर्षापासून ती मागच्या छोट्या खोलीत राहत होती. करारात लिहिलंय, दुसरं कुणी ठेवायचं नाही, माहीत आहे मला. वाचता येतं. पण दोन वर्षं लागोपाठ भाडं वाढलं आणि माझा अर्धा पगार त्यातच जायला लागला. उरलेल्या अर्ध्यात बाकीचा महिना बसवायचा. दात कोरून पोट भरत नाही, आणि दात बनवूनही फारसं भरत नाही. म्हणून तिला खोली दिली. माझ्या भाड्यातला तिसरा हिस्सा ती द्यायची. आणि मी तुझ्यापासून लपवलं.

पण भाड्यासाठीच ठेवलं हेही पूर्ण खरं नाही. ती घरात असली की बरं वाटायचं. बोलायची कमी. डेपोतून आली की बूट दारात काढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायची, टाचा जुळवून. रेडिओवरच्या बातम्यांवर आम्ही दोघी भांडायचो. मी गरगटलेल्या भाज्या करते म्हणून चिडवायची, "तुमच्या गिऱ्हाइकांना दात नाहीत, मला आहेत."

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा पगारवाढीचा करार झाला. शेकडा पाच. संपाची धमकी देऊन मिळवलेले पाच. ती केक घेऊन आली होती, आम्ही दोघींनी उभ्यानेच खाल्ला. आणि पुढच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, जूनपासून तुलाही थोडं वाढवावं लागेल. थोडं म्हणजे तिच्या पाचातले सगळे आणि वर थोडं.

तिचा पगार वाढला म्हणून मी मागितलं, की तुझे पंधरा की अठरा येणार होते म्हणून मागितलं? मी स्वतःला बरंच विचारलं. मला खरंच सांगता येत नाही. केक खाताना माझ्या डोक्यात ते नव्हतं. मला वाटतं नव्हतं.

ती म्हणाली, "एवढे का?"

आणि ताई, माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "मी काय करू, गल्लीचा भावच तसा आहे." एजंटचं वाक्य. तुझ्या चिठ्ठीतलं वाक्य. पोपटी गेटच्या बाईंचं वाक्य. इतकं सहज निघालं, जणू जन्मभर मी घरंच भाड्याने देत आलेय.

ती म्हणाली, "भाव काय ते तुम्हीच तर विचारत फिरत होता." रागाने नाही म्हणाली. खरोखर तिला कळत नव्हतं तसं म्हणाली. मग म्हणाली, बघते. आणि तिने बघितलं. डेपोतल्या दुसऱ्या एकीबरोबर एका खोलीत दोघी, गावाच्या पार टोकाला. पहाटेच्या पाळीला आता ती कशी पोहोचत असेल कोण जाणे, कारण सगळ्यात पहिली बस तर तीच काढते.

किल्ली तिने वर्तमानपत्रावर ठेवून दिली. खोली झाडून, पुसून गेली. मी दारात उभी राहून 'ये मधूनमधून' म्हटलं, आणि ती 'हो' म्हणाली, आणि आम्हा दोघींना माहीत होतं.

करार मोडला म्हणून तुला मला काढायचं असेल तर आता काढता येईल. मी तुला कारण दिलंय.

धाकटी

०

२६ मे

ताई,

हे पत्र मी तुला घर सोडत असल्याचं कळवायला लिहायला घेतलं होतं. आता ते वेगळंच होणार असं दिसतंय. तू शेवटपर्यंत वाच.

बसवालीचा हिस्सा गेल्यावर मला जुनंच भाडं झेपेना, अठरा तर लांबच. म्हणून दुसरीकडे खोल्या बघितल्या. एका ठिकाणी पलंगावरून हात लांब केला की भांडी घासता येतात. खोली दाखवणारा म्हणाला, सोयीचं आहे. भाडं मी आत्ता देते त्याहून जास्त. म्हणजे महाग म्हणून जे घर सोडायचं, तेच सगळ्यात स्वस्त. मी त्याला दोनदा विचारलं नाही. एकदाच विचारून खाली उतरले.

चष्मेवालेही गेले. नवीन भाड्यात दुकान चालवायचं तर चष्म्यामागे इतकं वाढवावं लागेल की लोक डोळे बारीक करूनच वाचतील, म्हणाले. मुलीकडे गेले. जायच्या आदल्या दिवशी स्वतः जिना चढून आले, खिशातून छोटा पेचकस काढला, माझा चष्मा घेतला आणि स्क्रू पिळला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "हलू नका." बसवून झाल्यावर म्हणाले, "आता वर्षभर बघायला नको." मला वाटतं त्यांनी माफ केलं. की फक्त चष्मा सैल दिसला म्हणून राहवलं नाही? खालचा मजला तेव्हापासून रिकामा आहे. गेटवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी. रिकामं राहून बाईंना काहीच मिळत नाही, तरी भाव उतरवत नाहीत. उतरवला तर वरचं जोडपं परत सारखं करा म्हणेल, ही भीती. हे मला पहिल्यांदाच लगेच समजलं.

मग मी एजंटकडे गेले, जूनअखेर घर सोडते असं सांगायला. तो वाईट माणूस नाही, हे मला लिहायला आवडत नाही पण नाही. त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "ताईंवर राग धरू नका. त्या तरी काय करतील, तिकडे त्यांच्याही खोलीचं भाडं दुसऱ्यांदा वाढलं."

मी म्हटलं, "खोलीचं? त्यांचं तर घर आहे तिकडे."

तो टेबलावरचे कागद नीट रचायला लागला. कागद आधीच नीट रचलेले होते.

ताई, ते घर सोडून किती दिवस झाले? माझं मलाच दिसायला लागलं. टपाल कामाच्या पत्त्यावर. दोन वर्षांपूर्वी मधे घातलेला एजंट. मी तेव्हा समजले की बहिणीशी पैशाचं बोलणं तुला कमीपणाचं वाटतं. आता वाटतं, तुला पैसे हवे होते आणि स्वतःच्या तोंडाने मागता येत नव्हते. मागितले असते तर मी दिले असते का? दिले असते. कटकट करून दिले असते. भावोजींचं मी काही विचारत नाही. विचारायचं खूप आहे.

मला तुझा भयंकर राग आलाय आणि तुझ्याजवळ बसून तुला जेवायला वाढावंसं वाटतंय. हे पहिल्या पत्रातल्यासारखंच झालं, मला त्याची आता सवय होतेय.

आणि आता तर सगळाच गोंधळ. बसवालीला मी वाढवलं कारण तू मला वाढवलंस. तू मला वाढवलंस कारण तिकडे तुला कुणीतरी वाढवलं. त्या माणसालाही कुणीतरी वाढवलं असेल, घरोघरी मातीच्या चुली. मी शोधत होते की हे सुरू कुणी केलं. पगार तर कुणाचाच तेवढा वाढलेला नाही, ना माझा, ना तिचा, आणि हॉटेलवाले तुला काही उधळून देत असतील असं वाटत नाही. मग हे सगळे पैसे चाललेत कुठे? मला वाटायचं, तुझ्याकडे. तुला काय वाटायचं? मी इकडे मजेत आहे?

तर ऐक. मागची छोटी खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला, दुपारी ऊन नाही. तू ये.

मी हे मांडून पाहिलं. तू आलीस तर तिकडचं भाडं वाचेल. पण घर तुझंच, तेव्हा तू तुझ्याच घरातली घरमालकीण. पण ते घर मी भाड्याने घेतलेलं, तेव्हा खोलीपुरती तू माझी पोटभाडेकरू. आणि पोटभाडेकरू ठेवायला घरमालकिणीची परवानगी लागते, ती मी तुझ्याकडे मागते. कृपया परवानगी द्यावी. कोण कुणाला किती देणार, ते मला कितीही वेळा मांडलं तरी येत नाही. तुला हिशेब येतो, तू कर.

आणि तू येणार नसशील तर तसं लिही. एकच ओळ लिही, पण एजंटच्या हातून पाठवू नकोस. ती ओळ आली नाही तर मी जूनअखेर निघेन. कुठे, ते मला माहीत नाही.

धाकटी

०

११ जून

धाकटे,

एजंटच्या हातून पाठवत नाहीये, तिकीट लावून पाठवतेय.

दोन वर्षं आणि काही महिने झाले. बाकीचं आल्यावर सांगेन, पण तू लगेच भावोजींच्या नावाने सुरू होणार असशील तर सांगणार नाही. फोन मी रागाने ठेवला नव्हता. रडू येत होतं आणि मिनिटाचे पैसे चालू होते.

इथे पगार शेकडा दोनने वाढला. हॉटेलात एक महिन्याची सूचना द्यावी लागते, ती काल दिली. तुला काढायचं कधीच मनात नव्हतं. मला वाटलं, तू कमी आकडा कळवशील, तोच मी धरीन आणि एजंटला गप्प बसवता येईल. तू एवढी खरी निघशील हे मी विसरले होते. लहानपणापासून तशीच आहेस, तरी विसरले.

खोलीत माझं जुनं लोखंडी कपाट आहे का अजून? नसेल तर राहू दे. हॉटेलातल्या जुन्या चादरी मिळतात, चार आणतेय. माझा गुडघा चढतानाही दुखतो, तेव्हा जिन्याला कठडा बसवावा लागेल.

त्या बस चालवणाऱ्या बाईचा पत्ता काढ. डेपोत जाऊन विचार. सांग की खोली तिचीच आहे, पूर्वीच्याच भाड्याला, आणि मी तुझ्या खोलीत झोपेन. तू अजून घोरतेस का ते आधीच कळव.

आपण तिघी बसून कुणी किती द्यायचं ते ठरवू. मी येईपर्यंत गल्लीत मात्र कुणाला काही विचारू नकोस.

ताई